इतिहासात एम.ए. करतेय, पुढे वारसा-जतनाच्या कामात पोट भरेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: बडोद्याचीच मुलगी, महाराजा सयाजीराव विद्यापीठात इतिहासात एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला. थोडीफार मोडी शिकली आहे. घरचे म्हणतात, बी.एड. करून टाक. तिला मात्र जुन्या वास्तूंचं जतन करणाऱ्या सल्लागार कचेऱ्यांत इतिहासकार म्हणून काम करायचं आहे. असं काम खरंच असतं का, त्यात दिवसभर करतात काय, पैसे मिळतात का आणि आत्तापासून काय शिकावं, हे तिनं विचारलंय. 'ताई, खरं खरं सांगा' असंही लिहिलंय.

खरं सांगते. काम आहे, पण 'इतिहासकार पाहिजे' अशी जाहिरात तुला बहुधा कधीच दिसणार नाही. या कचेऱ्यांत मुख्य माणूस वास्तुविशारद असतो. त्याच्याबरोबर दोन-चार तरुण वास्तुविशारद, एक बांधकाम अभियंता आणि मोजमापं घेऊन ड्रॉइंग करणारी मुलं. इतिहासकाराला कामापुरतं बोलावतात. कधी सहा महिने, कधी तीन, कधी नुसते पंधरा दिवस. मी दोन तपं अशीच काढली. मधली चार वर्षं एका कचेरीत पगारावर होते, बाकी सगळी स्वतंत्र.

अमेरिकेत ही गोष्ट वेगळी आहे, आणि ती का वेगळी हे समजून घे. तिथे १९६६ साली एक राष्ट्रीय कायदा झाला. केंद्र सरकारचा पैसा किंवा परवाना ज्या कामाला लागतो, मग तो रस्ता असो, पूल असो की धरण, त्या कामाचा तिथल्या ऐतिहासिक जागांवर काय परिणाम होईल हे आधी बघणं त्यानं भाग पाडलं. मग ही तपासणी करून देणाऱ्या कंपन्या निघाल्या आणि त्यांत इतिहासकार नोकरीला लागले. आपल्याकडे १९५८चा कायदा आहे तो राष्ट्रीय महत्त्वाची म्हणून जाहीर झालेल्या स्मारकांपुरता. २०१०च्या दुरुस्तीनं त्या स्मारकाभोवती १०० मीटर बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगीची अट थेट कायद्यात आली. आपला रावपुऱ्यातला तांबेकर वाडा या संरक्षणात येतो. त्याच्यासारखेच सागवानी खांबांचे इतर वाडे येत नाहीत. त्यांचं काय करायचं ते मालक, भाडेकरू, महानगरपालिका आणि हातात असलेला पैसा मिळून ठरवतात.

म्हणून काम येतं ते वेगवेगळ्या दारांतून. राज्याचं पुरातत्त्व खातं, महापालिका, देवस्थानं, जुनी घराणी, आपल्या जुन्या इमारतीची शताब्दी करणारी एखादी बँक किंवा शाळा. जागतिक बँकेच्या कर्जातून होणाऱ्या प्रकल्पांत सांस्कृतिक वारशाचा अभ्यास करावाच लागतो, तिथेही माणसं लागतात. गुजरात सरकारनं २०२०-२५चं हेरिटेज पर्यटन धोरण आणलं, त्यात १ जानेवारी १९५० पूर्वीच्या वास्तूंत हॉटेल, संग्रहालय वगैरे करायला मदत होती. आता हवेलीवाल्यानं हवेली पन्नासच्या आधीची आहे हे दाखवायचं कसं? कागद लागतो. तो शोधणारं कुणीतरी लागतं. माझी तीन कामं अशीच आली.

मी या धंद्यात आले ते २००१च्या भूकंपामुळे. माझं एम.ए. झालं होतं, बी.एड.चा फॉर्म भरलेला होता. कच्छमध्ये पडझड झालेल्या जुन्या घरांच्या नोंदी करायला माणसं हवी होती म्हणून महिनाभरासाठी गेले. एका अर्ध्या पडलेल्या घरासमोर तिथल्या वास्तुविशारदानं मला विचारलं, "हे केव्हाचं?" मी त्याला कच्छच्या रावांचा इतिहास सांगायला लागले. त्यानं शांतपणे सगळं ऐकलं आणि पुन्हा विचारलं, "हे घर. ही भिंत. ही केव्हाची?" मला उत्तर देता आलं नाही. त्याला त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ठरवायचं होतं की ती भिंत टेकू लावून वाचवायची की उतरवायची.

विद्यापीठात आपण राज्याचा, समाजाचा, चळवळीचा इतिहास शिकतो. या कामात प्रश्न असतो एका भिंतीचा, एका जिन्याचा, एका रंगाच्या थराचा. आणि उत्तर असं द्यावं लागतं की उद्या सकाळी मिस्त्री काय करणार ते त्यानं बदलावं. तुझ्या अहवालातलं वाक्य अंदाजपत्रकात उतरलं नाही, तर त्या कामापुरता तो अहवाल शोभेचा. हे मला समजायला पाच वर्षं लागली. तुला लवकर समजावं म्हणून एका वाड्याची गोष्ट जरा सविस्तर सांगते.

दांडिया बझारच्या बाजूचा वाडा. तीन चौकांतले दोन उरलेले, मालकांची चार घरं आणि सात भाडेकरू. घरात अशी समजूत की पूर्वज अठराव्या शतकात पिलाजीराव गायकवाडांबरोबर आले आणि वाडा तेव्हापासूनचा. दर्शनी भागाला ओतीव लोखंडाच्या कंसांवर पेललेली एक गॅलरी होती, गंजलेली, वर पत्रा घातलेला. ज्या कचेरीनं मला बोलावलं होतं त्यांचा बेत असा की ही गॅलरी नंतरची भर आहे, ती काढायची आणि पुढचा सगळा भाग नव्या सागवानात, तांबेकर वाड्याच्या धर्तीवर, 'मूळ रूपात' उभा करायचा. अंदाजपत्रकातली सगळ्यात मोठी रक्कम त्यालाच होती. मला एक महिना दिला होता. वाड्याचा इतिहास लिहून द्या, पुस्तिकेत घालू, असं सांगितलेलं.

पहिल्या आठवड्यात मी फक्त मिस्त्रींच्या मागे फिरले. मिस्त्री गुजराती, साठीचे. पुढच्या आणि मधल्या सोप्याच्या भिंती जिथे मिळतात तिथे बोट ठेवून म्हणाले, "बेन, आ भींत पाछळथी चणेली छे, सांधो जुओ." म्हणजे ही भिंत मागाहून बांधलेली आहे, सांधा बघा. खरंच, दोन भिंतींच्या विटा एकमेकींत गुंतलेल्याच नव्हत्या. मागच्या विटा पातळ आणि रुंद, पुढच्या जाड. पुढच्या मजल्याखाली पोलादी तुळया होत्या आणि एकीवर इंग्लंडातल्या कारखान्याचं नाव उठलेलं. अशा तुळया आपल्याकडे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत येऊ लागल्या. म्हणजे पिलाजीरावांचा आणि या दर्शनी भागाचा संबंध नाही. पण मग गॅलरी नंतर चिकटवलेली, की भिंतीबरोबरची? लोखंडी कंसांच्या शेपट्या विटांच्या बांधणीत आतपर्यंत गेल्या होत्या. भिंत चढतानाच बसवलेल्या.

दुसऱ्या आठवड्यात घरातल्या काकूंनी माळ्यावरची ट्रंक काढून दिली. तिच्यात लग्नपत्रिका, शाळेचे दाखले, विम्याच्या पावत्या आणि तळाशी एक रोजकीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही होती. मोडीत. सुतार, लोहार, चुनाभट्टीवाला, गाडीभाडं, रोजच्या रोज. पहिल्या पानांत रक्कम बाबाशाई रुपयांत, पुढे इंग्रजी रुपयांत. आपल्या संस्थानाचं स्वतःचं बाबाशाई नाणं होतं, त्याची किंमत इंग्रजी रुपयाइतकी नव्हती. हे ध्यानात न घेता बेरीज केली असती तर सगळा हिशोब चुकला असता. एका नोंदीत समोरचा रस्ता रुंद करताना गेलेल्या एका खणाच्या नुकसानभरपाईची रक्कम जमा होती. सयाजीराव महाराजांच्या काळात शहरातले रस्ते रुंद झाले हे आपल्याला पुस्तकातून माहीत असतं. इथे त्याची किंमत एका घरानं रुपये-आण्यांत लिहून ठेवली होती. आणि प्रत्येक पानाखाली 'मातुश्रींचे सांगण्यावरून' असा शेरा. वाड्याचा पुढचा भाग बांधून घेतला होता तो घरातल्या विधवा बाईंनी. वंशावळीत त्यांचं नावसुद्धा नव्हतं, नुसतं 'पत्नी' लिहिलेलं.

भिंतीत गेलेल्या त्या शेपट्या आणि ही रोजकीर्द, या दोन गोष्टींनी काम बदललं. गॅलरी मूळचीच ठरली, म्हणून ती काढायची नाही, गंज काढून दुरुस्त करायची. नवा सागवानी दर्शनी भाग रद्द झाला. वाचलेला पैसा मागे गेला, जिथे कुणाचं लक्षच नव्हतं. माजघर आणि स्वयंपाकघरावरच्या धुरानं काळ्या झालेल्या तुळया वाड्यातल्या सगळ्यात जुन्या होत्या आणि त्यांची टोकं भिंतीत कुजत आली होती. आणखी दोन पावसाळे गेले असते तर तो खण खाली आला असता.

घरातले थोरले काका माझ्यावर नाराज झाले. पिलाजीरावांचा संबंध मी कापला असं त्यांना वाटलं. मी अहवालात 'वाडा अठराव्या शतकातला असल्याचा लेखी पुरावा मिळालेला नाही' एवढंच लिहिलं होतं. पूर्वज तेव्हा आले नाहीत असं मी म्हटलं नव्हतं, आणि हा फरक मी त्यांना समोर बसून समजावला. त्या बाईंचं पान वाचून दाखवलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. आता दिंडी दरवाजाच्या आत जो छोटा फलक आहे, त्यावर त्यांचं नाव आहे.

फलकावरून माझी स्वतःची एक मोठी चूक सांगते, कारण ती तुझ्याकडूनही होऊ शकते. सुरुवातीच्या काळात एका घराचं साल मी १८६५ दिलं. पुरावा म्हणून छपराची मंगळुरी कौलं दाखवली; त्यावर १८६५ असं ठळक उठलेलं होतं. पितळी फलक लागला, समारंभ झाला. वर्षभरानं कळलं की ते साल कारखान्याच्या स्थापनेचं. बासेल मिशननं मंगळूरला कौलांचा कारखाना १८६५ साली काढला आणि पुढे पुष्कळ वर्षं तो आकडा कौलांवर छापला जात राहिला. घर त्यानंतर निदान चाळीस वर्षांनी बांधलेलं होतं. मी मालकांना पत्र लिहून चूक कळवली, नवा फलक माझ्या खर्चानं करून दिला. तेव्हापासून माझ्या प्रत्येक अहवालात प्रत्येक सालापुढे ते कशावरून काढलं हे लिहिलेलं असतं: कागदावरून, साहित्यावरून, सांगण्यावरून की अंदाजानं. वाचणाऱ्याला मग कुठे किती भार टाकायचा ते कळतं.

कालगणना पाठ कर, हे मी हात जोडून सांगते. आपल्या भागात एकाच पेटीत चार कालगणना भेटतात. शके असेल तर ७८ मिळव (पौषातल्या काही तिथींपासून फाल्गुनापर्यंत ७९). विक्रम संवत गुजरातेत कार्तिकात बदलतो, दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी. म्हणून दिवाळीच्या पाडव्यापासून डिसेंबरपर्यंत ५७ वजा, पुढे ५६. मोडी कागदांत सुहूर सन अरबी शब्दांत येतो. 'अर्बा अशरीन मयातैन व अलफ' म्हणजे चार, वीस, दोनशे आणि हजार, १२२४. तो मृगाला सुरू होतो, म्हणून मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ आणि नंतर ६०० मिळवायचे. १८२३-२४ आलं. त्यावर महसुली हिशोबाचा फसली सन वेगळाच. एका वर्षाची चूक किरकोळ वाटते, पण पूर किंवा आगीच्या आधीचं बांधकाम की नंतरचं हे त्या एका वर्षावर ठरतं.

मोडी थोडी येते म्हणालीस. थोडी पुरत नाही. छापील नमुने वाचता येणं आणि घाईत खरडलेली रोजकीर्द वाचता येणं यांत दोन वर्षांचं अंतर आहे, रोज एक पान वाचलंस तर. आणि गुजराती, तीही हस्तलिखित. आपण बडोद्याचे मराठी लोक गुजराती सहज बोलतो, पण जुनी खरेदीखतं आणि सावकारी वह्या व्यापाऱ्यांच्या वाणियाशाई लिपीत असतात, जिला शिरोरेघ नाही आणि बहुतेक काना-मात्राही गाळलेल्या. ज्याला मोडी आणि वाणियाशाई दोन्ही येतात अशी माणसं मला या शहरात बोटांवर मोजण्याइतकी माहीत आहेत. बाहेरगावची कचेरी इथे काम घेते तेव्हा तिला तुझी गरज या दोन लिप्यांसाठी लागेल. एम.ए.ची टक्केवारी मला आजवर कुणीही विचारलेली नाही.

दप्तरांचं म्हणशील तर आपण नशीबवान आहोत. गुजरात राज्य अभिलेखागाराचं इथलं दप्तर संस्थानच्या कागदांनी भरलेलं आहे. संस्थानचे वार्षिक प्रशासन अहवाल छापलेले आहेत, त्यात बांधकाम खात्याच्या प्रकरणात कुठल्या इमारतीवर किती खर्च झाला ते मिळतं. सिटी सर्व्हेचे उतारे, महापालिकेच्या घरपट्टीच्या नोंदी, कोर्टातल्या वाटणीच्या दाव्यांचे नकाशे. वाटणीचे नकाशे तर सोनं असतात; भावाभावांत भांडण झालं की कोर्टानं नेमलेला कमिशनर येऊन प्रत्येक खोली मोजतो, कुठलं जातं कुठे होतं तेसुद्धा लिहितो. पण तेच कागद आजच्या भांडणातही वापरले जातात. एकदा माझ्या टिपणाची झेरॉक्स एका भावानं दुसऱ्याविरुद्ध कोर्टात दिली. तेव्हापासून मी काम सुरू करण्याआधी सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या घेते, आणि मालकीबद्दल अहवालात एक अक्षर लिहीत नाही.

माणसांचं ऐकणं हा या कामाचा अर्धा भाग आहे. वाड्यात राहणारे भाडेकरू बहुतेकदा मालकांपेक्षा वास्तूला जास्त ओळखतात. गळतं कुठे, पाणी तुंबतं कुठे, जिना कुणी आणि का बंद केला, हे त्यांना माहीत असतं. पण अशी चौकशी सुरू झाली की त्यांना वाटतं, आता आपल्याला काढणार. म्हणून आपण कुणाकडून आलो आणि कशासाठी विचारतोय हे पहिल्याच वाक्यात सांग, आणि ते बोललेलं छापण्याआधी त्यांना वाचून दाखव. ऐकलेल्या गोष्टींची टवाळी मात्र कधी करू नकोस. प्रत्येक वाड्यात राजवाड्यापर्यंत जाणाऱ्या भुयाराची गोष्ट असते. मी बघितलेली बहुतेक 'भुयारं' पावसाचं पाणी साठवायची जमिनीखालची टाकी निघाली. म्हणजे गोष्ट पोकळ नव्हती, खाली खरंच काहीतरी होतं. एका घरात तर ते टाकं साफ करून पुन्हा वापरात आलं.

सार्वजनिक वास्तूंचे प्रश्न आणखी अवघड असतात, आणि मला विचारशील तर जास्त मोलाचे. न्यायमंदिर घे. १८९६ची इमारत, चिझोम या इंग्रज वास्तुविशारदानं आराखडा केलेली, भाजीमंडई म्हणून बांधलेली. मग तिथे न्यायालय भरलं आणि शहर तिला त्याच नावानं ओळखू लागलं. आता कोर्ट दिवाळीपुऱ्याला गेलंय. ही वास्तू जतन करायची म्हणजे कुठला इतिहास जतन करायचा? मंडईचा मोकळा उंच मंडप, की वकील-पक्षकारांच्या चार पिढ्यांनी झिजवलेले बाक आणि मधल्या काळात घातलेल्या आडभिंती? वास्तुविशारदाची नजर साहजिकच मंडपाकडे जाते. आडभिंती काढल्या की तो सुंदर दिसणार आहे. मला वाटतं, निदान एका दालनात कोर्ट जसंच्या तसं राहिलं पाहिजे, कारण या शहरातल्या हजारो माणसांच्या आयुष्यातला सगळ्यात कठीण दिवस तिथे उजाडलेला आहे. तुला वेगळं वाटू शकेल. पण हा प्रश्न त्या खोलीत उभा करायला इतिहासकार तिथे हवा, आणि आडभिंतींवर घण पडायच्या आधी हवा.

कधीकधी नाही म्हणावं लागतं. एकांना पत्र हवं होतं की अमुक वास्तूला काहीही ऐतिहासिक महत्त्व नाही. मी वास्तू बघून आले, तिच्यात महत्त्व होतं, तसं सांगितलं. काम गेलं, अर्धे पैसेही गेले, वर्षभरानं वास्तूही गेली. याच्या उलटंही होतं. वास्तूच्या वयात दोनशे वर्षं वाढवून द्या म्हणणारे भाविक आणि प्रेमळ लोक असतात, त्यांना नाही म्हणणं मला जास्त जड जातं. पण तुझी कमाई म्हणजे तुझ्या सहीवरचा विश्वास. आपल्याकडे इतिहासकाराला कुठलाही परवाना नसतो, वास्तुविशारदाला १९७२च्या कायद्याखाली नोंदणी असते. नकाशावर सही त्याची चालते. तुझ्यामागे फक्त तुझे जुने अहवाल उभे असतात.

आता पैसे. पहिली तीन-चार वर्षं एकट्या या कामावर घर चालणार नाही. मी शिकवण्या घेतल्या, मोडी कागदांचं लिप्यंतर पानामागे पैसे घेऊन केलं. आजही माझ्या कमाईतला बराच भाग लिप्यंतर, संग्रहालयांच्या माहितीफलकांचा मजकूर आणि संस्थांचे इतिहास यांतून येतो. वास्तूंची कामं त्यावर. सरकारी कामात निविदा असते, तिच्यात मागच्या वर्षांची उलाढाल आणि अनामत मागतात, त्यामुळे तू स्वतः भरू शकणार नाहीस. वास्तुविशारदाच्या कचेरीनं भरायची आणि तू तिची उपसल्लागार. तिला पैसे मिळाले की तुला मिळणार, आणि सरकारी बिल कधी निघेल ते कुणीच सांगू शकत नाही. म्हणून करार लेखी कर. किती भेटी, किती दिवस, किती पानं, कुठली दप्तरं बघायची, हे सगळं त्यात. तिसरा हिस्सा आगाऊ घे. तुझं नाव अहवालावर येईल आणि तुझ्या संशोधनाची प्रत तुझ्याकडे राहील हेही लिहून घे. मी पहिल्या सहा कामांत घेतलं नाही आणि ते अहवाल आज माझ्याकडे नाहीत. व्यावसायिक शुल्कावर १० टक्के टीडीएस कापला जातो, तो परत मिळवायला विवरणपत्र वेळेवर भर. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटीची नोंदणी लागते, पण ती चिंता तुला इतक्यात नाही.

बी.एड. करावं का? घरची परिस्थिती मला माहीत नाही, म्हणून आईवडिलांच्या विरुद्ध मी बोलणार नाही. बी.एड. हाती असल्यानं माझ्या एका मैत्रिणीला कठीण काळात शाळेची नोकरी मिळाली आणि सुट्ट्यांत ती माझ्याबरोबर काम करत राहिली. पण पुढे शिकायचंच असेल तर याच विद्यापीठात १९५२पासून संग्रहालयशास्त्राचा विभाग आहे, तिथे कागद, कापड, लाकूड हाताळायला शिकवतात. दिल्लीला राष्ट्रीय अभिलेखागाराचा दप्तरविद्येचा पदविका अभ्यासक्रम आहे. अहमदाबादला सेप्ट विद्यापीठात जतनाचं शिक्षण मुख्यतः वास्तुविशारदांसाठी आहे, पण तिथली व्याख्यानं ऐकायला जा. उद्या तुला ज्यांच्याबरोबर काम करायचंय ती मुलं तिथेच भेटतील. नकाशा वाचायला शीक. तळमजल्याच्या नकाशावर वेगवेगळ्या काळातलं बांधकाम वेगवेगळ्या रंगात भरता आलं पाहिजे. हा एक नकाशा माझ्या तीस पानांपेक्षा जास्त वापरला जातो. मिस्त्री तो भिंतीला चिकटवून ठेवतात.

कागद हाताळायचं का म्हणतेय तेही सांगते. २०२४च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदी शहरात शिरली तेव्हा चार दिवसांत मला नऊ घरांतून फोन आले. तळमजल्यावरच्या ट्रंका पाण्यात होत्या. बहुतेकांनी कागद काढून उन्हात टाकले होते, प्रेमानं आणि घाईनं. उन्हात कागद आक्रसतो, पानं एकमेकांना चिकटून वीट होते. ओल्या वह्या उघडायच्या नसतात. स्वच्छ पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवायच्या, बुरशी थांबते, मग सवडीनं एकेक काढून टिपकागदात, पंख्याच्या वाऱ्यावर वाळवायच्या. एका मसाल्याच्या व्यापाऱ्यानं आपलं शीतगृह दिलं म्हणून तीन घरांची दप्तरं वाचली. बाकीच्यांची गेली. त्यात कुणाच्या मातुश्रींची रोजकीर्द असेल ते आता कळायचं नाही. हे काम मला कुणी दिलं नव्हतं आणि त्याचे पैसेही नव्हते, पण तेव्हा मला तुझ्यासारख्या चार मुली हव्या होत्या.

तर परीक्षा संपली की एक कर. आजोळचं किंवा ओळखीतलं एखादं जुनं घर निवड, फार भव्य नको. सिटी सर्व्हेचा उतारा काढ, घरातले कागद बघ, तिघा-चौघांशी बोल, एखाद्या मिस्त्रीला चहा पाजून भिंती दाखवून घे. रंग भरलेला एक नकाशा आणि आठ पानांचा अहवाल लिही, प्रत्येक सालापुढे कशावरून ते लिहून. शेवटच्या पानावर दुरुस्ती करणाऱ्यासाठी पाच ओळी: काय हलवू नये, काय खुशाल काढावं, कुठे आधी हात घालावा. तो अहवाल घेऊन कचेऱ्यांत जा. शनिवारी जा, साइटवरून माणसं लवकर परतलेली असतात आणि बसून वाचतात.